उकिडवेकाका पिस्तूल बघायला जातात

उकिडवेकाका पहिल्यांदा आमच्या घरी जेवायला आले तेव्हा त्यांनी खिशातून व्हर्नियर काढला आणि माझ्या पोळीची जाडी मोजली. तीन ठिकाणी मोजली, पेपर नॅपकिनवर आकडे लिहिले आणि निकाल दिला, "कडेला जाड आहे. पण टॉलरन्समध्ये आहे, म्हणजे चालेल." मी नागपूरची. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करकरून बेजार करतात, पण पाहुण्यानं पोळी मोजलेली मी कधी पाहिली नव्हती. शेजारी सुमनकाकू शांतपणे वरणावर लिंबू पिळत होत्या. "मनावर घेऊ नकोस गं वसुधा," त्या म्हणाल्या. "माझ्या लग्नाच्या बांगड्या ह्यांनी सोनाराच्या दुकानातच मोजल्या होत्या. सोनार अजून नाव काढतो."

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत आमच्या मागच्याच गल्लीत ते राहायचे. काका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात इन्स्पेक्टर होते. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू मोजायच्या आणि नापास करायच्या. माणूस इतका मन लावून नोकरी करायचा की घरी आल्यावरही ती सुटत नसे. टोस्टर घ्यायला त्यांना चार महिने लागले. गाडी घ्यायला दोन वर्षं लागली, तोवर काकू बसनं हिंडल्या. कुणी काही म्हटलं की ठरलेलं उत्तर असे, "घाई कुणाला आहे? अजून एक बघू."

मी तेव्हा गावातल्या लायब्ररीत काम करत होते. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका सोमवारी काका काउंटरपाशी आले, इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "पिस्तुलांवरची पुस्तकं कुठल्या शेल्फवर?" आवाज खाली आणायची काही गरज नव्हती. त्या इमारतीत मराठी कळणारी मी एकटीच होते.

"कशाला हो काका?"

"घ्यायचंय. सेमी-ऑटोमॅटिक. पंचेचाळीस कॅलिबरचं, जुन्या घाटणीचं. रिझनेबल. आणि थँक्सगिव्हिंगच्या आत."

पिस्तुलापेक्षा मला त्या शेवटच्या वाक्याचा धक्का बसला. काकांना घाई झालेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

खरी गोष्ट मला त्याच आठवड्यात काकूंकडून कळली. त्यांचा एकुलता एक मुलगा अजित दोन वर्षांपूर्वी इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडून सैन्यात भरती झाला होता. अमेरिकेच्या सैन्यात. आमच्या ओळखीतली मुलं डॉक्टर होत, इंजिनिअर होत, अगदीच वाया गेली तर इन्शुरन्स विकत. सैन्यात कुणी गेलं नव्हतं. काका त्याला म्हणाले, "ठीक आहे. आजपासून तुझं-माझं बोलणं बंद." आणि काका म्हणजे काका, ते त्यांनी पाळलं. रविवारी अजितचा फोन यायचा. काकांनी उचलला तर ते रिसीव्हर टेबलावर ठेवून ओरडायचे, "सुमन, फोन!" कुणाचा ते सांगायचे नाहीत. मग फडकं घेऊन फोनशेजारचं पुस्तकांचं कपाट पुसायला लागायचे. तेवढं स्वच्छ कपाट मी अख्ख्या न्यू जर्सीत पाहिलं नाही.

काकूही पक्क्या. कोण ऐकतंय हे माहीत असल्यामुळे त्या अजितचं प्रत्येक वाक्य मोठ्यानं परत म्हणायच्या. त्या रविवारी त्या म्हणाल्या, "काय म्हणतोस? मिलिटरी पोलिसात घेतलं? कमरेला पिस्तूल असतं? पंचेचाळीसचं? थँक्सगिव्हिंगला येतोयस? चार दिवस?" दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्यासमोर उभे होते.

पुढच्या वेळी काका लायब्ररीत आले तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, एवढा खटाटोप करण्यापेक्षा फोनवर दोन शब्द बोला ना त्याच्याशी."

"बोलायला विषय नको का?" काका म्हणाले, आणि चार पुस्तकं घेऊन निघून गेले.

तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता वाटतं, बिचाऱ्यानं किती सरळ सांगितलं. दोन वर्षांत साठलेलं कसं बोलायचं ते त्यांना माहीत नव्हतं. निदान कशाबद्दल बोलता येईल ते सापडलं होतं, आणि ते हातचं घालवायला ते तयार नव्हते.

आमच्या राज्यात पिस्तूल घ्यायचं तर आधी पोलिसांचा परवाना लागतो. काकांनी बोटांचे ठसे दिले. अर्ज पहिल्यांदा परत आला, कारण उंचीच्या रकान्यात त्यांनी इंचाचे दशांशही भरले होते. चांगल्या वागणुकीची खात्री द्यायला दोन माणसं हवी होती, त्यात एक माझं नाव दिलं. मला पोलिसांचा फोन आला. किती वर्षं ओळखता, रागीट आहेत का, पितात का? मी म्हटलं, ताक पितात. मग तो म्हणाला, "मॅडम, त्यांना पिस्तूल कशासाठी हवंय?" आता मुलाशी बोलायला हवंय असं पोलिसाला कसं सांगणार? माझ्या तोंडून निघून गेलं, "टू मेझर इट." त्यानं मला ते दोनदा परत सांगायला लावलं. पण ऑगस्टअखेर परवाना मिळाला. तो तीन महिन्यांचा होता. तेवढ्यात खरेदी झाली नाही तर परवाना संपणार होता, आणि नेमकी तेव्हाच, नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंग येणार होती.

सप्टेंबरपासून दर शनिवारी आमची वरात निघू लागली. काका, काकू, काकूंचा दशमी-चटणीचा डबा, आणि "दुसरं मत असावं" म्हणून मी. हायवेवर फ्रँक नावाच्या म्हाताऱ्याचं बंदुकांचं दुकान होतं. काकांना खरेदीची एकच रीत माहीत होती, ती लक्ष्मी रोडवरच्या साड्यांच्या दुकानातली. बैठक मारायची, ढीग उलगडायला लावायचा, आणि नाक मुरडून म्हणायचं, यात आणखी दाखवा.

"वन ॲट अ टाइम," फ्रँक म्हणाला.

"मग कम्पेअर कसं करणार?" काकांनी मला मराठीत विचारलं. मी ते इंग्रजीत सांगितलं. फ्रँकनं पुन्हा तेच सांगितलं, जरा सावकाश. तेवढ्यात काकूंनी काचेवर बोट ठेवलं, "यात जरा उजळ नाही का?" हे मी काही भाषांतर केलं नाही, तरी फ्रँकनं एक चकचकीत निकेलचं काढून पुढे ठेवलं. गिऱ्हाईक बायकांची भाषा जगात सगळीकडे एकच असावी.

तिसऱ्या शनिवारी तर काकांनी कमाल केली. तीन पिस्तुलं निवडून ते म्हणाले, "ही तिन्ही आज घरी नेतो. सावकाश बघतो. पसंत पडेल ते ठेवतो, बाकीची दोन मंडेला आणून देतो." लग्नाच्या साड्या अशाच घरी नेतात, हे आपल्याला माहीत. फ्रँकनं चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "इज ही सीरियस?" मी म्हटलं, दुर्दैवानं हो.

पण म्हातारा चांगला होता. त्यानं काकांना समजावलं, पहिलंच पिस्तूल आहे ना, मग हे नवं नऊ मिलिमीटरचं घे. हलकं आहे, गोळ्या जास्त बसतात, आता सैन्यसुद्धा ते जुनं पंचेचाळीसचं सोडून असलंच काहीतरी घेणार म्हणतात.

काका दचकले. "सैन्य बदलणार? कधी?"

"वर्षा-दोन वर्षांत."

"नोव्हेंबरच्या आत नाही ना?"

फ्रँकनं नाही म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. नव्या कोऱ्या जुन्या घाटणीच्या पिस्तुलाची किंमत काकांना झेपणारी नव्हती. स्वस्तातली जी होती त्यांत ते काहीतरी खोट काढायचे. रविवारी अजितचा फोन यायचा, काकू मोठ्यानं म्हणायच्या, "हो का, तिकीट काढलंस?" आणि काकांचं फडकं थांबायचं. एकदा तर काकू माझ्यासमोर त्यांच्यावर चिडल्या. "सगळं आयुष्य तुम्ही अजून एक बघू म्हणण्यात घालवलंत. पोरगा येऊन जाईल, आणि तुम्ही बघतच राहाल." काका तिथून हलले. बेसमेंटमध्ये जाऊन पुस्तक उघडून बसले.

परवाना संपायला थोडेच दिवस उरले होते तेव्हाचा शनिवार. फ्रँकनं खास ठेवलेलं एक पिस्तूल काढलं. स्पेनमध्ये बनलेलं, दिसायला थेट सैन्यातल्यासारखं, वापरलेलं पण स्वच्छ, आणि किंमत अगदी बेताची. काकांनी व्हर्नियर लावला. सगळं बरोबर. मला वाटलं, सुटलो. काकांनी ते मुठीत धरलं, अंगठ्याच्या बेचक्यात काहीतरी चाचपलं आणि खाली ठेवलं.

"मुठीच्या मागं पट्टी नाही. सेफ्टीची. दाबल्याशिवाय गोळी सुटत नाही, ती."

"ह्याच्यात नसते. तिच्यावाचून काही अडत नाही," फ्रँक म्हणाला.

"हिज हँड विल लुक फॉर इट," काका म्हणाले.

"हूज हँड?"

काकूंनी डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. मग काका काउंटरकडे पाहत म्हणाले, "माय सन. ही इज इन द आर्मी." दोन वर्षांत मी त्यांच्या तोंडून मुलाचा उल्लेख पहिल्यांदा ऐकला. काकूंनी तर मान फिरवून भिंतीवर टांगलेल्या हरणाच्या मुंडक्याकडे पाहायला सुरुवात केली.

फ्रँक मागच्या खोलीत गेला आणि एक जुनं पिस्तूल घेऊन आला. रंग उडालेला, मुठीवर चरे. म्हणून किंमतही उतरलेली. पट्टी होती, बटणं जिथल्या तिथं होती. काकांनी ते कानाशी धरून हलवलं. आतून खुळखुळ आवाज आला. आयुष्यभर ज्या माणसानं खुळखुळणारी वस्तू कारखान्याबाहेर जाऊ दिली नाही, त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी व्हर्नियर लावला, आकडा पाहिला. "आउट," ते हळूच म्हणाले. "टॉलरन्सच्या पार बाहेर आहे."

"सैन्यातली सगळी खुळखुळतात," फ्रँक म्हणाला. "युअर सन्स पिस्टल रॅटल्स टू."

काकांनी व्हर्नियर मिटला. "हेच द्या," ते म्हणाले. मराठीतच म्हणाले, पण फ्रँकला कळलं. त्यानं विचारलं, गोळ्या किती डबे? काका म्हणाले, एकही नको. दारापर्यंत येऊन फ्रँक आमच्याकडे पाहत होता.

थँक्सगिव्हिंगला काकूंच्या मदतीला मी सकाळीच गेले. टर्कीबिर्की काही नाही, अजितसाठी पुरणपोळीचा घाट होता. तो अकराच्या सुमारास आला. बारीक कापलेले केस, दुप्पट झालेले खांदे. काकूंनी त्याला मिठी मारली ती सोडेचनात. मग तो काकांकडे वळून म्हणाला, "हाय, बाबा."

"हं," काका म्हणाले.

झालं. एक जण सोफ्यावर, एक जण खुर्चीत, समोर टीव्हीवर फुटबॉल. अर्धा तास दोघांनी एकमेकांशी अक्षर काढलं नाही. स्वयंपाकघरात काकूंच्या हातातलं पुरण कोरडं पडायला लागलं. मला तर वाटलं, बाहेर जाऊन दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत.

शेवटी काका उठले. बेसमेंटमध्ये गेले, फडक्यात गुंडाळलेलं ते पिस्तूल घेऊन वर आले, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर ठेवून नुसते बघत उभे राहिले.

"हूज इज दॅट?"

"माझं."

अजित उठून आला. पिस्तूल उचलून जमिनीकडे रोखून, आत गोळी नाही ना ते त्यानं पाहिलं. सगळं इतक्या सवयीनं की हातानं त्याला विचारलंसुद्धा नाही. "बाबा, यू बॉट अ फोर्टी-फाइव्ह? यू?"

"साफ करायचं होतं," काका म्हणाले. "सुटं करता येतं, पण परत जुळत नाही. मला काही जमत नाहीये."

"ओके, ओके. सिट. इकडं थम्ब ठेव. नो बाबा, नॉट लाइक दॅट, स्प्रिंग उडेल..."

स्प्रिंग उडाली. तिचं टोपण छताला लागून काकडीच्या कोशिंबिरीत पडलं. अजित इतका मोठ्यानं हसला की काकूंच्या हातातलं लाटणं थांबलं. मग काकांच्याही हसण्याचा आवाज आला. दोघं चमच्यानं कोशिंबीर उपसत होते.

मी हळूच म्हटलं, "काय हो काकू, चार चार पुस्तकं वाचली, आणि काकांना एवढंसं जमू नये?"

काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्या कानाशी आल्या. "आणल्यापासून रोज संध्याकाळी घड्याळ लावून बसतात बेसमेंटमध्ये. कालपासून तर डोळे मिटून जोडतायत."

बाहेर खटकन आवाज झाला. पिस्तूल जुळलं होतं. "देअर," अजित म्हणाला. "सिंपल. कळलं ना, बाबा?"

"नाही रे," काका म्हणाले. "मध्ये काहीतरी सुटलं माझं. परत दाखव. सावकाश दाखव."

अजितनं खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.