लॅबवाले देवराव अन् पाठीतलं पाणी

कोणी आजारी आहे म्हटलं की लोक विचारतात, "आता कसं आहे?" आमचे शेजारी देवराव विचारतात, "दोन्ही घेतलं का?" साध्या सर्दीवाल्यालाही विचारतात. पांढुर्ण्यातल्या एका लॅबमध्ये सुया टोचण्यात त्यांचा जन्म गेला. माणूस भेटला की आधी त्याच्या हाताची शीर पाहतात, मग तोंड.

खरं सांगतो, मला हा माणूस अजिबात आवडत नसे. पण माझी धाकटी बहीण कुंदा सौंसरहून माहेरी आली अन् त्यांच्याच दारात जावं लागलं. तिचे पाय सुन्न पडायचे, एका डोळ्यानं धुरकट दिसायचं, चालता चालता पडायची. सासरचे म्हणत, "नाटकं करून राहिली." नवऱ्यानं तर निरोपच धाडला, आजार कागदावर दाखवा, मग घेऊन जातो. वा रे नवरा!

डॉक्टरांना मल्टिपल स्क्लेरोसिसचा संशय होता. एमआरआय झाला, तरी खात्री होईना. म्हणून तिच्या मणक्यातलं पाणी काढलं, नागपूरला पाठवायला. देवराव दवाखान्याच्या दारातच अडून बसले. "रक्त कुठं आहे? दोन्ही संगंच पाहिजे."

"तपासणी पाण्याची आहे ना?" मी वैतागलो.

"मास्तर, पाण्यातल्या अँटीबॉडी रक्तातूनही आल्या असतीन. पाण्यात आहे अन् रक्तात नाही, तवाच म्हणता येते का त्या आतच, मेंदूत-मणक्यात, तयार होऊन राहिल्या. एकट्या पाण्याले कोण विचारते?"

रक्त काढेपर्यंत हलले नाहीत. मग बर्फाचा डबा मांडीवर घेऊन स्वतः बसमध्ये बसले. सोबत मी. कंडक्टर म्हणाला, "काका, मासे हायेत काय?"

"बाईच्या पाठीतलं पाणी आहे."

शेजारचा माणूस उठला तो नागपूरपर्यंत दरवाज्यातच उभा राहिला.

रिपोर्ट आला. पाण्यात त्या अँटीबॉडी होत्या, रक्तात नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, आता शंका नाही. बहीण आजारी ठरली म्हणून मला आनंद झाला, असा मी करंटा! कागद घेऊन सौंसरला धावलो. जावईबापूंनी तो वाचला, नीट घडी केली अन् माझ्याच खिशात ठेवला. "मग आता तुमच्याकडंच राहू द्या तिला."

परत आल्यावर सगळा राग देवरावांवर काढला. "तुमच्या त्या दोन्हीनं काय भलं झालं?"

ते चिडले नाहीत.

"माह्या बायकोचं पाणी मी एकटंच पाठवलं होतं," ते म्हणाले. "रक्त घ्याचं राह्यलं. तिकडून लिहून आलं, काही सांगता येत नाही. मी समजलो, काहीच नाही."

इतकी वर्षं शेजारी राहून त्यांच्या बायकोबद्दल मी कधी एक शब्द विचारला नव्हता. लाज वाटली.

"आंगणात पडली का मी नुसता पाहत उभा राहत होतो, मास्तर. म्हणत होतो, ऊठ. अन् ती भिंतीले धरून उठे. उठून मलेच म्हणे, चुकलं जी माह्यं."