फक्कीच्या भिंती

"अहो, भिंतीतून काहून चालून राहिले? दार तिकडं हाय!"

सकाळचे साडेनऊ, मोकळं बाजार मैदान, आणि माझ्यापुढे भिंत तर सोडाच, एक वीटही नव्हती. होती ती जमिनीवर मारलेली चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ आणि तिच्यापलीकडे गळ्यात टेप अडकवलेला, गुडघ्यापर्यंत पांढरा झालेला एक पन्नाशीचा माणूस. मी नगरपंचायतीच्या बांधकाम विभागातला कारकून. नियमाने वागणारा. मी मुकाट्याने वळसा घातला आणि त्या नसलेल्या दारातून आत आलो. का आलो, ते मला अजूनही सांगता येत नाही.

हे आमचे आर्किटेक्ट खिल्लारे साहेब. मूळचे कुरुंद्याकडचे. पुण्यात मोठमोठे टॉवर उभे करून ते आमच्या लहानशा गावात आले, ते नव्या नगरभवनाचं डिझाइन करायला. खाली दुकानं आणि भाजीचे ओटे, वर नगरपंचायतीचं कार्यालय, त्याच्या वर सभागृह आणि अभ्यासिका, असा सगळा बेत. नकाशा कागदावर काढतात, त्यावर सही होते आणि फाईल पुढे सरकते, अशी माझी आपली समजूत. साहेब म्हणायचे, "कागदाला काय समजते? पायाला इचारा." आणि त्यांनी अख्खी इमारत खऱ्या मापात मैदानावर आखून टाकली. मैदान मोठं, म्हणून तिन्ही मजले शेजारी शेजारी!

डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया दिसल्या की साहेब त्यांना फक्कीच्या दारातून दोनदा चालायला लावत आणि मग दार फूटभर रुंद करत. नगराध्यक्षांना तर त्यांनी भर एप्रिलात त्यांच्या होणाऱ्या केबिनीत खुर्ची टाकून बसवलं. "बसा साहेब. चार वाजता ऊन कुठून येते, तुमीच सांगा." नगराध्यक्ष पश्चिमेच्या काचेच्या भिंतीसाठी महिनाभर अडून बसले होते. वीस मिनिटांत ते घामाने निथळले आणि काच स्वतःच रद्द करून उठले. मी चहाचा कप हातात धरून हे सगळं बघत होतो. चहा थंड झाला.

पण खरा हादरा बसला तो मंगळवारच्या बाजारी. आदल्या दिवशीची फक्की तशीच राहिली होती. बाजारकरूंना वाटलं, नगरपंचायतीने या वेळी जागा आखून दिल्या! मी पोचलो तेव्हा सभागृहात कांदे, अभ्यासिकेत मिरच्या आणि नगराध्यक्षांच्या केबिनीत दोन शेळ्या बांधलेल्या. 

"उठवा हो यांना!" मी ओरडलो.

"काहून? बसू द्या ना," साहेब वहीत टिपत म्हणाले. "मिरचीवाल्या दाराजवळ बसल्या, पाहा. तिकडून वारं बाहीर जाते, म्हणून तिखट कोणाच्या नाकात जात न्हाई. हे मला पुण्यात कोणी सांगितलं असतं?"

त्या संध्याकाळी त्यांनी ओट्यांची अख्खी रांग दुसरीकडे नेली. आणि एक गोष्ट मला त्या गोंधळातही दिसली. दिवसभरात एकाही माणसाने रेघ ओलांडली नव्हती. सगळे दारातूनच ये-जा करत होते.

फक्त एका खोलीत कुणी टिकलं नाही, कारण बसलेल्याला साहेब धावत जाऊन उठवत होते. चौकाच्या तोंडाशी, दहा बाय दहाची. नकाशात प्रत्येक खोलीला नाव होतं, हिला नव्हतं. सगळ्या इमारतीतली मोक्याची जागा कोणती, तर हीच. नगराध्यक्षांच्या मेव्हण्याचं मोबाइलचं दुकान तिथे मनातल्या मनात सुरूही झालं होतं. साहेबांना विचारलं की म्हणायचे, "राहू द्या." गावात नाही नाही त्या वावड्या उठल्या. शेवटी मुख्याधिकाऱ्यांनी सांगितलं, खोलीचा उपयोग लिहा, नाहीतर ती खोडा. शुक्रवारच्या सभेत निकाल.

"खोडली तर मी नकाशा वापस घेऊन चाललो," साहेब मला म्हणाले.

मी वैतागलो. "एवढ्याशा खोलीपायी सगळं काम पाण्यात घालता?"

सभेत नगराध्यक्षांनी सरळ विचारलं, "खिल्लारे साहेब, काय करायचं हाय त्या खोलीचं?"

साहेब उठले. 

"माझी माय या बाजारात वांगे विकाया यायची. एका बाजारी तिला इथंच कळा सुरू झाल्या. घर दूर, दवाखाना दूर, अन् आडोसा कुठंच न्हाई. तीन भाजीवाल्यांनी लुगड्याचे पदर सोडून तीन बाजूंनी धरले. चौथी बाजू उघडी. एक मुसलमान बाई बाजार करून चालली व्हती. ओळख न्हाई, पाळख न्हाई. तिनं भर चौकात बुरखा उतरवला अन् चौथ्या बाजूला धरला. त्याच्यात मी झालो. माय सांगायची, मी रडलो तवा बाहीर एक गिऱ्हाईक वांग्याचा भाव इचारून राहिला व्हता."

कुणीही हसलं नाही.

"बाजाराला आलेल्या बाईला लेकरू पाजाया, लघवीला जाया आजबी जागा न्हाई. आतून कडी लागंल अशी एक खोली द्या. बाकी कायबी खोडा."

 वीस वर्षं माझ्या खिडकीतून हाच बाजार दिसतो. सकाळपासून अंधार पडेपर्यंत बसणाऱ्या या बाया जातात कुठे, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मला माझीच लाज वाटली.

नगराध्यक्षांनी नकाशा पुढ्यात ओढून घेतला. मग म्हणाले, "दहा बाय दहा लहान हुईल. बारा बाय बारा करा."

पुढच्या मंगळवारी साहेबांनी मला सोबत नेलं. बाजारात म्हातारी बाई दिसली की ते तिच्यापुढे उकिडवे बसायचे. "माय, लई वर्षं झाली. इथं एका बाळंतिणीला तुमी पदर धरला व्हता का?" त्या चौघींची नावं त्यांच्या आईलाही ठाऊक नव्हती. आई वारल्यावर पुणं सोडून साहेब इथे का आले, ते मला तेव्हा कळलं. बाया नकारार्थी मान हलवत होत्या. साहेब पुढच्या ढिगाकडे सरकत होते.

मेथी विकणारी एक अगदी थकलेली म्हातारी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने त्यांच्या गालावरून हात फिरवला.

"मी न्हवते रे लेकरा. पण असते तर धरला असता."

साहेबांनी तिची सगळीच्या सगळी मेथी घेतली. त्यांच्या घरी दुसरं कुणी नाही. एवढ्या मेथीचं काय करणार, हे मी विचारलं नाही. निम्म्या जुड्या मी उचलल्या, निम्म्या त्यांनी.