तातेराव मास्तरांचा भविष्यकाळ

"इंग्रजी शिकवावं तर तातेरावांनीच!" असं हैद्राबादच्या अख्ख्या जामबागेत एकच माणूस म्हणत असे, आणि तो म्हणजे खुद्द तातेराव. तिथल्या एका मराठी शाळेत ते इंग्रजीचे मास्तर होते. पुस्तकातलं व्याकरण पोरांच्या कानातून शिरतं आणि खिडकीतून निघून जातं, असं त्यांचं ठाम मत. व्याकरण कसं, काळजाला भिडलं पाहिजे! "मी शिकवलेला काळ पोरगं म्हातारपणीसुद्धा विसरायचं नाही," ते मास्तरांच्या खोलीत छातीवर हात ठेवून सांगत.

बाकी माणूस गाईसारखा गरीब. पण तंद्री! दुपारचं ऊन वर्गात तिरपं उतरलं, की फळ्यावर उचललेला हात तसाच वर राहायचा आणि मास्तर थेट नांदेडला पोचायचे. गोदावरीचं संथ पाणी, काकांच्या मळ्यातली केळीची बाग, रुंद पानांवरून सावकाश ओघळणारं दव... बोटांतला खडू गळून पडला तरी पत्ता नसे. मग पोरंच हळूच हाक मारत, "सर, वापस या ना!"

आणि अलीकडे तर तंद्रीला निमित्तच मिळालं होतं. हैद्राबाद राज्याची नुकतीच वाटणी झाली होती. नांदेड गेलं मुंबई राज्यात, हैद्राबाद शहर राहिलं आंध्रात. तातेराव अंबरपेठेतल्या आपल्या भाड्याच्या खोल्यांत रात्री झोपले, ते सकाळी उठले परमुलखात! खाट तीच, तांब्या तोच, अंगावरची गोधडीसुद्धा तीच! घरमालकीण पद्मावतम्मा तेलुगूत बोलायच्या, दूधवाला दखनीत बोलायचा, आबिड्सच्या पोस्टातला कारकून कशातच बोलायचा नाही, आणि तातेराव सगळ्यांना मिळून एकच उत्तर द्यायचे, "हौ, हौ!"

रोज कुणी ना कुणी मराठी माणूस बिऱ्हाड आवळून काचीगुडा स्टेशनावर गाडीत बसत होता. शाळेत निरोपसमारंभ इतके होत, की हारवाल्यानं फाटकाशीच पाटी मांडली होती.

अशा दिवसांत एका सोमवारी तातेरावांनी भविष्यकाळ शिकवायला घेतला. काळजाला भिडेल असं उदाहरण हवं होतं. त्यांनी फळ्यावर टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, "आय शॅल लीव्ह यू ऑन फ्रायडे." म्हणजे, शुक्रवारी मी तुम्हाला सोडून जाईन. पण ते वाक्य पोरांआधी त्यांच्याच काळजाला जाऊन भिडलं! हे नुसतं उदाहरण आहे, एवढं सांगायचं राहून गेलं. घंटा झाली तेव्हा मास्तर गोदावरीत घोट्यापर्यंत उभे होते. तसेच पाण्यातून चालत ते वर्गाबाहेर गेले.

पोरं फळ्याकडे टक लावून बसली होती. तेवढ्यात हेडमास्तर केशवराव फेरीला आले, सोबत गणिताचे मुनीरसाहेब. केशवरावांनी फळा वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"किती हळवा माणूस! तोंडानं सांगवलं नाही बिचाऱ्याला," ते म्हणाले.

"पूछना क्या साब उनकू?" मुनीरसाहेबांनी विचारलं.

"छे छे! जखमेवर कशाला बोट ठेवायचं? बदलीचा हुकूम येईल मागाहून. आपण निरोपाचं बघू."

तातेरावांच्या गल्लीतली काही पोरं त्याच वर्गात होती. त्यामुळे मास्तर घरी पोचायच्या आधीच बातमी घरी पोचली. नळावर पद्मावतम्मांनी भामाबाईंची, म्हणजे मास्तरीणबाईंची, घागर बाजूला सारली आणि विचारलं, "क्यों भामा, तुमारे साब शुक्रवार को छोड़के जारें कते?"

"किसकू छोड़के?"

"तुमकू! बोर्ड पे लिख दिये कते!"

दुसरी एखादी असती तर तिनं तिथंच बोंब ठोकली असती. पण भामाबाईंनी या माणसाबरोबर संसार केला होता. सख्ख्या मेहुण्याच्या लग्नाला जाताना मास्तर बायकोला फलाटावरच्या बाकावर ठेवून एकटेच गाडीत बसले होते, ही गोष्ट काही फार जुनी नव्हती. हा नवरा बायकोला सोडणाऱ्यातला नव्हे, विसरणाऱ्यातला! तेव्हा उघडच होतं. नांदेडला बदली झाली असणार आणि सांगायचं राहिलं असणार.

तरी रात्री ताट वाढताना त्यांनी वाट पाहिली. तातेराव भिंतीकडे बघत म्हणाले, "भामा, केळीच्या पानावर जेवून किती दिवस झाले नाही?"

झालं! उरलीसुरली शंकाही फिटली. दुसऱ्या दिवसापासून भामाबाईंनी आवराआवर सुरू केली.

"साफसफाई काढली वाटतं?" गाठोडी बघून मास्तरांनी विचारलं.

"हो, यंदा सगळीच काढली," बाई पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या.

"छान! धूळ फार झालीय, तुझे डोळे बघ कसे चुरचुरताहेत." मग एका संध्याकाळी खाट दिसेना, तेव्हा मास्तर जमिनीवर आडवे झाले आणि पाठीला किती बरं वाटतं म्हणून वर कौतुक केलं.

शुक्रवारी दुपारी शाळेच्या अंगणात सतरंज्या पडल्या. आज निरोप कुणाला, हे विचारायच्या भानगडीत तातेराव पडले नाहीत. शेजारी कवायतीचे हिम्मतराव बसले होते. हे परभणीला जाणार, असं सकाळीच ऐकलं होतं. म्हणजे यांचाच! मास्तर निवांत मागे टेकले. कडुलिंबाची पानं गरगरत खाली येत होती. एकेक पान त्यांना गोदावरीत सोडलेल्या दिव्यासारखं वाटत होतं.

भाषणं सुरू झाली. मुनीरसाहेब उठले. "ऐसा सीधा आदमी फिर नै मिलता! बच्चे हल्ला करे तो भी आवाज नै चढ़ाते. गैर मुल्क का नै, मेरे घर का आदमी जारा समझो!" ते रुमालात नाक शिंकरत खाली बसले.

तातेरावांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. हिम्मतराव इतके मृदू आहेत हे आपल्याला कधी कळलंच नाही! ते तर पोरांना छडीनं फोडून काढत! मास्तरांनी मनापासून टाळ्या वाजवल्या, सगळे थांबल्यावरही वाजवल्या. केशवराव शेजारच्याच्या कानात म्हणाले, "विनोदबुद्धी बघा, या क्षणीसुद्धा!"

आणि मग घमघमणारा हार थेट तातेरावांच्या गळ्यात पडला.

"अहो, इकडे! हिम्मतराव इकडे आहेत!"

लोक हसले, रडले. "बोला, तातेराव, दोन शब्द बोला!"

मास्तर उठले. सगळा उलगडा एकदम झाला. आता सांगून टाकावं, की मी कुठं चाललो नाही! त्यांनी तोंड उघडलं, तोच बायकांच्या रांगेत भामा दिसली. अंगावर ठेवणीतलं पातळ, पायाशी गाठोडी, आणि डोळ्यांना धारा. माहेरच्या मुलखात जायचं म्हणून किती हरखलीय बिचारी! आता नाही कसं म्हणावं? मास्तर म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं... तिकडं मिळणार नाहीत." हे मात्र अगदी खरं होतं, म्हणून आवाज चांगलाच फुटला.

तिथून मिरवणूक निघाली ती सरळ काचीगुड्याला. गाठोडी रिक्षांत, पोरं मागून. केशवरावांनी स्वतःच्या हातानं दोघांना डब्यात चढवलं. पद्मावतम्मा फलाटावर आल्या होत्या. त्यांनी खिडकीतून दह्याभाताचा डबा दिला आणि तेलुगूत बरंच काही सांगितलं. तातेराव सवयीनं म्हणाले, "हौ, हौ!" आणि गाडी सुटली.

बाहेर संध्याकाळ उतरत होती. खडकांच्या ढिगांवर जांभळा उजेड साचला होता. त्याच त्या खडकांकडे बघता बघता मास्तर बायकोकडे वळले.

"भामा, नांदेडला गेल्यावर आपण करायचं काय?"

"काय म्हणजे? तुम्ही शाळेत जायचं. बदली झालीय ना!"

"कुणाची?"

भामाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग सगळा घोटाळा भराभर बाहेर आला. फळा, भविष्यकाळ, केळीचं पान, गेलेली खाट!

"अहो, मग तोंड का नाही उघडलं तिथं?"

"तू खुशीनं रडत होतीस..."

"खुशीनं? मला कशाची खुशी? माझ्या मैतरणी इथं, माझी पोरीसारखी वाढवलेली जाईची वेल इथं! पद्मावतम्मांनी मला पोटाशी धरलं तेव्हा मला वाटलं, गाडीच चुकावी. तिकडं, एक भाऊ सोडला, तर माझं आहे कोण आता? मी आवरलं ते तुमच्यासाठी! रात्रंदिवस केळीची बाग, केळीची बाग!"

"ती बाग..." तातेराव खाली बघून म्हणाले, "ती काकांनी केव्हाच मोडली. तिथं आता ऊस आहे."

भामाबाईंना आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग दोन्ही एकदम आलं. एवढ्यात मलकाजगिरी स्टेशन आलं. दोघांनी गाठोडी खिडकीतून फलाटावर फेकली. या वेळी मास्तरांनी बायकोला आधी उतरवलं आणि मग स्वतः उतरले! दहीभात तिथंच बाकावर बसून खाल्ला. समोर दिवे लागत होते. आपल्याच शहराचे दिवे इतके लांबून तातेराव पहिल्यांदाच बघत होते.

रात्री घरी पोचल्यावर पद्मावतम्मांनी काही न विचारता कुलूप काढून दिलं. गल्लीनंही सांभाळून घेतलं. राहता राहिली शाळा.

सोमवारी तातेराव मान खाली घालून केशवरावांसमोर उभे राहिले. हेडमास्तरांना खरोखर आनंद झाला. त्यांनी चहा मागवला, पाठीवर हात ठेवला आणि मग जरा खाकरले.

"काय आहे, तातेराव, इंग्रजीचे तास मुनीरसाहेबांना देऊन टाकले. पोरंही खूश आहेत. हिम्मतराव शनिवारी गेले परभणीला, तेव्हा मोकळी म्हणाल तर... कवायत आहे."

"हौ," तातेराव म्हणाले.

त्याच दुपारी शिट्टी गळ्यात अडकवून त्यांनी अख्खा वर्ग रांगेत उभा केला. "आगे कूच!" मास्तर गरजले. आवाज झकास लागला होता. पोरं ताडताड पावलं टाकत निघाली. कडुलिंबावरून एक पान सुटलं. तातेराव ते बघत राहिले...

"थांब!" म्हणायची त्यांना आठवण झाली, तेव्हा पोरं फाटकातून बाहेर पडून आबिड्सच्या चौकापर्यंत पोचली होती.