कामगार नसल्याचा दाखला

ज्या समाजात प्रत्येक माणसाला कागद मिळतो तो समाज प्रगत समजावा, आणि ज्या समाजात प्रत्येक कागदाला माणूस मिळतो तो त्याहून प्रगत. आपला बीड जिल्हा या दोन्ही कसोट्यांना उतरला आहे हे मी जबाबदारीने सांगू शकतो, कारण दसरा झाल्यावर पाटोद्याच्या बाजार मैदानात जो नियुक्तीपत्र वाटप मेळावा झाला, त्यात कागद छापण्याचं काम माझ्याकडे होतं. (मी अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आहे. माझं स्वतःचं नियुक्तीपत्र एजन्सीकडे प्रक्रियेत आहे.)

नव्या कामगार कायद्यांची थोरवी मी काय सांगावी! आधी एकोणतीस कायदे होते, त्यांचे चार झाले. एकोणतीस कायदे न पाळायचे म्हणजे केवढी यातायात. आता चारच न पाळले की भागतं. त्यातली सर्वांत देखणी तरतूद अशी, की प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यायचं. आमचा तालुका दिवाळीच्या आगेमागे गाड्या भरभरून ऊसतोडीला जातो, म्हणून गाड्या सुटायच्या आत चारशे पत्रं वाटायचं उद्दिष्ट ठरलं. मंडप लागला, हार आले, प्रमुख पाहुणे तीन तास उशिरा म्हणजे वेळेवर आले.

अडचण एकच निघाली. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. नवरा ऊस तोडतो. बायको ऊस तोडते, पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावरून नेऊन गाडीत चढवते आणि कोपीवर, म्हणजे पाचटाच्या खोपटात, परत गेली की भाकरी थापते. असे दोघं मिळून एक. टोळी नेणारा मुकादम 'चाळीस कोयते आणतो' म्हणाला, की ऐंशी माणसं गाडीतून उतरतात. एकटा पुरुष हा अर्धा कोयता, आणि अर्ध्याला सहसा कोणी हंगामाची आगाऊ उचल देत नाही. (आमच्याकडे लग्नं इतकी लवकर का उरकतात, यावर तज्ज्ञांचा अभ्यास चालू असतो.)

संगणकाच्या एका ओळीत मात्र एकच आधार क्रमांक बसतो. आमच्या कामगार कार्यालयाचे विजयसिंह साहेब रजेच्या दिवशीही ऑफिसात येणारे गृहस्थ. त्यांनी कपाळाला हात लावून पाच मिनिटं विचार केला आणि निर्णय दिला, "कोयता एक, म्हणजे कामगार एक, म्हणजे पत्र एक." नाव दोघांपैकी कुणाचं घालायचं हे कुणी विचारलं नाही. आमच्याकडे काही गोष्टी विचाराव्या लागत नाहीत.

या एका निर्णयाने कायद्याचं पालन कसं चुटकीसरशी झालं बघा. समान कामाला समान वेतन द्यायचं असतं. इथे नवरा-बायकोला अगदी समान मिळतं, कारण दोघांत मिळून एकच मिळतं. स्त्रियांना रात्री कामावर बोलवायचं तर त्यांची संमती लागते. नोंदीत स्त्रीच नाही, तेव्हा तेवढे कागद वाचले. पन्नास कामगार झाले की पाळणाघराची सोय करावी लागते. आप्पाराव मुकादमाच्या टोळीतली माणसं मोजली तर ऐंशी भरतात आणि पाळणाघर लागतं. कोयते मोजले तर चाळीस भरतात आणि लागत नाही. आम्ही कोयते मोजले. दिवसाचे तास आठ. दोघांचे मिळून निदान सोळा होतात हे खरं, पण एका कामगाराच्या नावावर सोळा तास लावणं हा गुन्हा आहे, आणि आमचं ऑफिस गुन्हा करत नाही. त्यामुळे बायकोचे तास झालेच नाहीत असं धरलं.

पत्र क्रमांक दोनशे सतरा घ्यायला भागवत नावाचा तरुण आला तेव्हा त्याच्या मागोमाग त्याची बायको उज्ज्वला टेबलापर्यंत आली. आप्पारावांच्याच टोळीतली जोडी. उज्ज्वलाने पत्र हातात घेतलं, वरपासून खालपर्यंत वाचलं, उलटून कोरी बाजूही पाहिली.

"साहेब, ह्याच्यावर माझं नाव न्हाई."

"ताई, कोयत्याचं एकच पत्र निघतं," साहेब म्हणाले.

"कावून? मी बी तोडते की ऊस. मोळ्या तर मीच उचलते." मग तिने मंडपाच्या खांबाला टांगलेल्या फलकाकडे बोट केलं. "त्यावर लिव्हलंय, ऐंशी दिस काम केलेल्या बाईला बाळंतपणाची भरपगारी रजा. मला सहावा लागलाय. माघात मोकळी होईन. दिवाळीपास्नं ऐंशी दिस आरामात भरत्यात. मागल्या बारीला फडातच कळा आल्या, मोळी डोक्यावर असताना. ते लेकरू न्हाई राहिलं. बारावी शिकल्याली हाय मी, वाचता येतं मला."

फलक वाचता येणारी माणसं येतील, ही शक्यता नियोजनात धरलेली नव्हती.

साहेब हलले. त्यांनी मला पत्र क्रमांक दोनशे सतराला बाळंतपणाची रजा लावायला सांगितली. मी लावली. संगणकाने उत्तर दिलं, 'लिंग: पुरुष. रजा देय नाही.' संगणकाचं बरोबरच होतं. मग साहेबांनी तिला वेगळा कामगार दाखवायचं सुचवलं, तेव्हा शेजारी उभे असलेले आप्पाराव हसले.

"दाखवा की. मंग त्यो अर्धा कोयता आन् ही अर्धा कोयता. पोटुशा अर्ध्या कोयत्याला कोन नेतंय? आन् उचल जोडीची घेतलीया त्यांनी."

भागवत खाली मान घालून म्हणाला, "साहेब, राहू द्या. चल गं."

"राहू कसं द्या?" उज्ज्वला जागची हलली नाही. "मी कामगार असंल तर तसं लिहून द्या. नसंल तर तसं लिहून द्या."

मागणी रास्त होती. कामगार असल्याचं लिहून देणं नियमात बसत नव्हतं, म्हणून दुसरं दिलं. मीच मजकूर बसवला: 'दाखला देण्यात येतो की, सौ. उज्ज्वला भागवत या कोणत्याही आस्थापनेत कामगार नाहीत. सबब हा दाखला त्यांच्या मागणीवरून.' सही, गोल शिक्का, जावक क्रमांक. तिने दाखला दोनदा वाचला आणि विचारलं, "म्हंजी मी कामगार न्हाई. लेखी?"

"लेखी."

"मंग कामाला न्हाई येत मी."

मी नियमावली चाळली. कामगार नसलेल्या इसमास कामाच्या ठिकाणी धोक्याचं काम करू देऊ नये, असा अर्थ निघत होता. बाईंचं म्हणणं कायद्याला धरून होतं, आणि आमच्या ऑफिसात असा प्रसंग पहिल्यांदाच येत होता.

पुढचा हिशेब मी नोंदवहीतून देतो. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कामगार नसल्याचे दाखले मागणाऱ्या महिला: एकेचाळीस. दुसऱ्या दिवशी: एकशे अडतीस. तिसऱ्या दिवशी रांग मैदानाबाहेर बसस्टँडपर्यंत गेली. त्यात पासष्ट वर्षांच्या दगडाबाई होत्या. त्या म्हणाल्या, "चाळीस वर्सं तोडला ऊस. कामगार नव्हते, हे आज कळलं. द्या, कागुद द्या." भरलेल्या गाड्या थांबल्या. मांजरसुंब्याच्या ढाब्यांवर ट्रकवाले तिसरा दिवस चहा पीत बसले. नवरे पत्र घेऊन बसले, बायका दाखला घेऊन बसल्या, आणि अख्ख्या तालुक्यात कामगार भरपूर पण काम करायला कोणी नाही, अशी आदर्श अवस्था आली. आप्पाराव माझ्या टेबलावर दाखला आपटून म्हणाले, "काय छापून दिलंस बे हे?"

वरून फोन आले. साहेबांनी रात्रभर जागून स्पष्टीकरणात्मक परिपत्रक काढलं. शासनभाषेचा इतका नितळ नमुना मी पाहिलेला नाही: 'कामगार नसल्याचा दाखला धारण करणाऱ्या महिलेने फडात केलेली कोणतीही कृती ही काम समजण्यात येऊ नये. ती पतीस केलेली मदत समजण्यात यावी.' मदतीला तास नसतात, मदतीला वेतन नसतं, मदतीला रजा लागत नाही, आणि मदत कितीही जड असली तरी तिच्यात धोका नसतो. दाखलेही खरे राहिले आणि गाड्याही सुटल्या.

परिपत्रक मी टाइप केलं. मला लाज वाटली, हे सांगून टाकतो. (लाज वाटणे हे कंत्राटातल्या कामांत येत नाही.)

उज्ज्वला गाडीत चढण्याआधी ऑफिसच्या दारात आली. "साहेब, मदत म्हंजी मनात आलं तर करायची, न्हाई आलं तर न्हाई करायची. असंच ना?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांना उत्तर ठाऊक होतं असं मला वाटलं. "त्याबाबत वरिष्ठांकडून मार्गदर्शन मागवतो," ते म्हणाले. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. भागवतने हात दिला आणि ती भांड्यांच्या पोत्यावर पोट सांभाळून बसली.

माघ निम्मा सरला आहे. मार्गदर्शन आलेलं नाही. ऐंशीच्या वर दिवस भरले, म्हणजे मदतीचे भरले. परवा साहेबांनी आप्पारावांना फोन लावून विचारलं, तेव्हा कळलं की ती अजून मोळ्या उचलते आहे आणि दिवस अगदी जवळ आले आहेत. साहेबांनी मार्गदर्शनासाठी दुसरं स्मरणपत्र पाठवलं.

वाचकांनी मात्र या परिपत्रकाची धास्ती घेऊ नये. त्याने आपल्यापैकी कुणालाही नवीन काही करावं लागणार नाही. आत्ता आपण निवांत बसून हे वाचत आहात आणि आतून कुकरच्या शिट्या, भांड्यांचे आवाज येत आहेत. ते काम नाही. चहा हवा असेल तर हाक मारा.