भोगापूरचं टोक

सावळदरी ते भोगापूर हे हवाई अंतर दोन्ही विमानतळांवरून रोज हातांनी ताणून धरावं लागतं, आणि त्या दिवशी सकाळचं विमान उडाल्यावर ते हर्षलाच्या हाताला किंचित सैल लागलं.

तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. तसं तिला नेहमीच वाटायचं. बी.एस्सी. होऊन नोकरीला लागली तरी कुकरच्या शिट्टीला ती अजून दचकायची. तिनं टोक नव्यानं घट्ट धरलं. अंतर ढिलंच.

पलीकडचं टोक कुमुदिनीताई गायधनींच्या हातात असे. हर्षलानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ओळख होती ती ताणाची. पण काय हात होता बाईंचा. वळवाच्या वादळातही त्यांच्या बाजूनं सुरकुती पडत नसे. इकडे हर्षलाला शिंक यायची असली, तर ती येण्याआधीच पलीकडून अंतर अलगद सावरलं जाई. सुमारे चारशे किलोमीटर, तासाभराचा प्रवास. पण बाई खुशीत असल्या की विमान थोडं आधीच टेकायचं. पहिल्या दिवशी त्यांनी फोनवर एवढंच शिकवलं होतं, "आईबरोबर साडीची घडी घालतेस ना? तसंच. समोरचीनं सांगितल्याशिवाय ओढायचं नाही. आणि सोडायचं तर मुळीच नाही."

वैमानिकानं कळवलं की खाली तेच धरण तिसऱ्यांदा आलं आहे. चहा दोनदा देऊन झाला, आणि एक आजोबा सामान काढून केव्हाचे दाराशी उभे आहेत. अंतराला मध्येच चुण्या पडल्या होत्या. विमान एकेका चुणीतून वरखाली करत होतं. इंधन मात्र सरळ रेषेत संपत होतं.

मॅनेजर देऊळगावकर शांतपणे आत आले.

"सोडून द्या, मॅडम. विमान आपल्याकडून वेळेवर निघालंय. उडाल्यानंतरचं अंतर भोगापूरच्या अखत्यारीत येतं."

"सोडलं तर सगळं सपकन ताईंच्या अंगावर जाईल, सर. विमानासकट."

"तेही भोगापूरच्याच हद्दीत होईल."

मग जरा विचार करून ते म्हणाले, निदान ओढून तरी घ्या. पण न सांगता ओढलं आणि ताईंच्या हातून टोक निसटलं, तर विमानाला उतरायला भोगापूरच उरणार नव्हतं. हर्षलानं आजवर साहेबांना उलट उत्तर दिलं नव्हतं. ती म्हणाली, "सर, भोगापूरला फोन लावा आणि माझ्या कानाला धरा." साहेबांनी धरला.

घंटी वाजत राहिली. तिचे हात थरथरायला लागले. ती थरथर विमानापर्यंत पोचेल या भीतीनं तिनं थरथरणंच थांबवलं. घंटी वाजून वाजून बंद पडली. साहेबांनी न सांगता पुन्हा लावला. मग आणखी एकदा.

फोन उचलला गेला. आधी नुसता नाकानं घेतलेला श्वास. मग दोन्ही हातांनी काहीतरी लांबलचक झटकून सारखं केल्याचा आवाज, पुन्हा एकदा, सावकाश. आणि मग ताई बोलल्या. टोक दातांत धरलेली बाई बोलते तशा.

"हं. ओढ."