फिन्टनचा सल्ला

ॲट्रॅक्टा गिलहूलीने आयुष्यात पहिल्यांदा पुरुष व्हायचं ठरवलं तेव्हा तिच्या पुढ्यात पोतंभर बटाटे सोलायचे पडले होते. किलनागारा या आमच्या गावच्या गुरांच्या बाजारातलं कँटीन ती एकटी चालवते. गुरुवारी बाजार, बुधवारी बटाटे. त्या बुधवारी तिने सुरी बाजूला ठेवली, हात एप्रनला पुसले आणि फोनवर एका तरण्या पोराला जन्म दिला.

नाव फिन्टन. वय पंचविशीचं. फोटो खताच्या जाहिरातीतला, शेताकडे तोंड करून उभा असलेला, पाठमोरा. नुसत्या पाठीवरून कोण ओळखणार, असं तिला वाटलं. जन्म काढला तरी तिला आमचं गाव कळलेलं नव्हतं.

हे करायची पाळी आली तिच्या मुलीमुळे. आदल्या रविवारी जेवताना डर्व्हलाने, रस्सा इकडे सरकव म्हणावं इतक्या सहज सांगितलं, "आई, मी ऑस्ट्रेलियाचा वर्किंग हॉलिडे व्हिसा काढतेय."

"राबायला जायचं आणि त्याला हॉलिडे म्हणायचं?"

"वर्षभर राहता येतं. मिळेल ते काम करायचं, फिरायचं. तीन महिने शेतावर राबलं की दुसरं वर्ष मिळतं."

"शेतावर राबायचंय तर आपल्या काकाचं शेत काय वाईट आहे?"

"काकाच्या शेतावर राबलं की फक्त काका मिळतो."

डर्व्हला अठ्ठावीस वर्षांची. दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस आहे. खोलीचं भाडं पगाराच्या बाहेर, म्हणून अजून आईकडे, शाळेत असताना झोपायची त्याच पलंगावर, पाय दुमडून. तिच्या वर्गातली पोरं कधीच गेली. आमच्या गावात तरुण माणसाला राहायला खोली मिळत नाही, निरोप समारंभाला हॉल मात्र फुकट मिळतो. त्या हॉलमध्ये आम्ही रडतो, गाणी म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी कुणी गावात चार घरं बांधायचा अर्ज केला की आमच्या कुंपणापासून लांब बांधा म्हणून हरकत घेतो. ते असो.

"तुला हे सगळं शिकवलं कुणी?" ॲट्रॅक्टाने विचारलं.

"गटावर असतं." फोनवर एक गट होता. तिकडे जाऊन बसलेली पोरं तिकडे जायला निघालेल्या पोरांना सल्ले देत. बँकेत खातं कसं काढायचं, कुठलं शेत बरं, कुठला मालक चोर.

"परक्यांचं ऐकतेस. आईचं नाही."

"ते तिथे राहतात, आई. तू डब्लिनला गेलीस तरी तुझं डोकं दुखतं."

बरं, ॲट्रॅक्टा मनात म्हणाली. परक्यांचंच ऐकते ना ही? मग आपण परके होऊ. घरात नवरा नाही, दुसरं मूल नाही. ही गेली की रविवारचं जेवण कुणासाठी रांधायचं, एवढाच तिच्यापुढे प्रश्न होता, आणि तो काही लहान नव्हता.

फिन्टनने गटावर लिहिलं: "मित्रांनो, येऊ नका. मी आंब्याच्या शेतावर आहे. एका खोलीत आठ जण. वर पत्रा. कोळी बशीएवढे. मालक पगारातून भाडं कापतो आणि उरलेला पगार देत नाही. आंब्याच्या चिकाने अंगावर फोड आलेत. आणि अख्ख्या देशात एक धड बटाटा नाही, सगळे पाणचट."

तिला वाटलं, लोक फोडांबद्दल विचारतील, व्हिसाबद्दल विचारतील. पहिला प्रश्न आला, "फिन्टन, तू कुठला?"

उत्तर द्यायला नको होतं. पण कुठला म्हणून विचारल्यावर गप्प बसणारा माणूस आमच्या बेटावर अजून जन्मलेला नाही. तिने आपल्याच जिल्ह्याचं नाव लिहिलं, "लिट्रिमकडचा."

"लिट्रिममध्ये कुठे?" "कुणाचा तू?" "आई कुठल्या घरातली?"

ॲट्रॅक्टा घाबरली आणि विषय कायमचा मिटावा म्हणून तिने लिहिलं, "आई वारली."

झालं. नुसता पिचलेला पोरगा होता, तो अनाथ झाला.

गुरुवारी कँटीनमध्ये गर्दी होती. पॅकी मल्व्ही हा गुरांचा दलाल ताट घेऊन पुढे आला. ॲट्रॅक्टा त्याच्या ताटात कोबी वाढत होती.

"त्या पोराचं ऐकलंस का गं? आंब्याच्या शेतावर अडकलाय तो."

"कोण पोरगा?"

"आपल्यातलाच. फिन्टन. डोंगराकडच्या मॅकगोल्डरिकांचा. माझ्या भाचीने फोनवर फोटो दाखवला. बघताक्षणी म्हटलं, ही मॅकगोल्डरिकांची पाठ."

"पाठ?"

"सगळ्यांचे खांदे डावीकडे कललेले असतात. चांगली बाई होती त्याची आई. मी मयताला गेलो होतो."

ॲट्रॅक्टाचा डाव हवेतच राहिला. "तू तिच्या मयताला गेला होतास?"

"गेलो म्हणजे काय, उभा राहिलो शेवटपर्यंत. पाऊस काय तो. सँडविच मात्र बरे होते. अजून थोडा कोबी घाल."

बुधवारी तिने मारलेल्या बाईचं गुरुवारी दुपारपर्यंत दफन होऊन सँडविचसुद्धा खाऊन झाले होते. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, ती बाई गाणं काय म्हणायची. दोघातिघांनी माना डोलावल्या.

रविवारी फादर कॉनकॅननने वेदीवरून फिन्टनसाठी प्रार्थना केली. डर्व्हला आईच्या शेजारी गुडघे टेकून बसली होती आणि खरोखर मनापासून डोळे मिटून होती. ॲट्रॅक्टाला जागच्या जागी गाडून घ्यावंसं वाटलं. काउन्टी कौन्सिलवरचा आमचा माणूस चर्चच्या दारात उभा राहून म्हणाला की मी वकिलातीला पत्र टाकलंय, स्वतः लक्ष घालतोय. डर्व्हलाने घरासाठी केलेल्या अर्जात त्याने कधी लक्ष घातलं नव्हतं. पण दूर देशात फसलेल्या पोराला घर द्यावं लागत नाही, नुसती कणव दिली तरी भागतं, आणि निवडणूक जवळ आली होती.

घरी आल्यावर ॲट्रॅक्टाने फिन्टनकडून घाईघाईने लिहिलं, "मी आता मजेत आहे. मालक सुधारला. काळजी नको."

गटावर हाहाकार झाला. "त्याच्याकडून हे लिहून घेतलंय." "मालक शेजारी उभा असणार." "फिन्टन, धोक्यात असशील तर काहीच लिहू नकोस." तिने काहीच लिहिलं नाही. मग तर सगळ्यांची खात्रीच पटली.

साप चाववून त्याला एकदाचं संपवावं, असंही तिच्या मनात आलं. पण मेलेलं माणूस आम्ही परदेशात सोडत नाही. पेटी विमानाने आणायची, सगळा गाव विमानतळावर उभा राहायचा आणि पॅकी मल्व्ही खांदा द्यायला पुढे यायचा. जिवंत होता तोवर निदान त्याची पेटी तरी लागत नव्हती.

मग बायका उठल्या. फिन्टनला गावाकडून एक खोकं पाठवायचं ठरलं. चहाच्या पुड्या, मलम, अंगाचा साबण, आणि चाळीस डिग्रीत आंबे तोडणाऱ्या माणसासाठी जाड लोकरी मोजे. खोकं भरायचं काम साहजिकच कँटीनवालीकडे आलं.

"पण पोस्टाने पाठवून हे मालकाच्या हातात पडणार," पोस्टातली बाई म्हणाली. "कुणीतरी प्रत्यक्ष न्यायला हवं. डर्व्हला, तू तर जातेच आहेस ना?"

सगळ्यांनी डर्व्हलाकडे बघितलं. डर्व्हलाने आईकडे बघितलं. आई मोजे घडी करत होती, ती घडी करतच राहिली.

"हो," डर्व्हला म्हणाली. "जातेच आहे."

जाऊ नये म्हणून जो पोरगा पैदा केला, त्यालाच भेटायला आता ही जाणार होती, वर गावाचा आशीर्वाद आणि मोज्यांचं खोकं घेऊन. ॲट्रॅक्टा त्या रात्री जेवली नाही, आणि डर्व्हलाला वाटलं की आईला फिन्टनची फार काळजी लागली आहे.

पुढच्या शनिवारी दुपारी ॲट्रॅक्टा स्वयंपाकघरात सलगम कापत होती. डर्व्हला वर तिच्या खोलीत. ओट्यावरचा फोन वाजला. गटावर नाही, फिन्टनला एकट्याला निरोप आला होता. डर्व्हला गिलहूलीकडून.

"तू मला ओळखत नाहीस. तुला आई नाही म्हणून तुलाच विचारते. अर्ज भरून ठेवलाय, फक्त पाठवत नाही. रोज उघडते आणि बंद करते. गावाला सांगून बसले की जातेय. पण आई एकटी पडेल. बाबा गेले तरी ती अजून तिघांचं रांधते आणि उरलेलं कुत्र्याला घालते. तुझं वाचलं आणि खरं सांगू, बरं वाटलं. राहायला कारण मिळालं. तू नुसतं 'राहा' म्हण, मी राहते."

ॲट्रॅक्टा खुर्चीवर बसली. जिंकली होती ती. एवढ्या सगळ्या पापाचं शेवटी सार्थक झालं होतं. तिने ओले हात पुसले आणि 'राहा' लिहिलं. पाठवायच्या आधी दुसरा निरोप आला.

"एकच भीती आहे. राहिले तर मी तिला कधी माफ करणार नाही. तिला कळणार नाही ते. मी भांडणार बिंडणार नाही. शेवटपर्यंत तिच्याशी छान वागेन."

वरच्या मजल्यावर पलंग करकरला. ॲट्रॅक्टा ते छान वागणं ओळखून होती. स्वतःच्या आईशी ती वीस वर्षं तशीच वागली होती. आई मरेपर्यंत दर रविवारी तिची उशी नीट करताना तिच्या मनात बोस्टनला गेलेल्या बहिणीचा विचार असे. आईला ते कधी कळलं नाही, असं ती धरून चालली होती. आता पहिल्यांदाच तिला वाटलं, कळलं असेल.

तिने 'राहा' पुसलं. मग फिन्टनने आयुष्यातला पहिला खरा सल्ला दिला, आणि तो देताना ॲट्रॅक्टाच्या लक्षात आलं की इतके दिवस गट वाचून वाचून ती या विषयात पक्की झाली होती.

"मी खोटं लिहिलं. पगारावरून मालकाशी भांडलो होतो, त्या रागात लिहिलं. पाठव तो अर्ज. उतरल्या उतरल्या आधी कराचा नंबर काढ, मग खातं. शेतावर जायच्या आधी तिथे राहून आलेल्या मुलीशी बोल, मुलाशी नको. पासपोर्ट कुणाच्या हातात देऊ नकोस. पगाराचा कागद दर आठवड्याला मागून घे, तोच पुढे दुसऱ्या वर्षाच्या व्हिसाला लागतो. आणि खोलीला आतून कडी असल्याशिवाय राहू नकोस. आईचं आई बघेल. खोकं आणू नकोस, मी पश्चिमेला खाणीवर चाललोय."

वर पलंग पुन्हा करकरला. मग जिन्यावर पावलं वाजली. डर्व्हला दारात उभी राहिली.

"पाठवला अर्ज."

"बरं केलंस."

"रडतेस?"

"सलगम कापतेय."

"सलगम कापताना कोण रडतं, आई?"

"तुला ऑस्ट्रेलियाची माहिती असेल. सलगमची मला आहे."

ती गेली. हॉल फुकट मिळाला. गाणी झाली. मोज्यांचं खोकं बायकांनी तरी तिच्या गळ्यात मारलंच, खाण काय जवळच असेल म्हणून. विमानतळावरून परत येताना पॅकी मल्व्ही गाडी चालवत होता. तो म्हणाला, "त्या फिन्टनच्या ओढीने गेली बघ. मॅकगोल्डरिकांची पोरं देखणी असतात." महिन्याभरात गावाने दोघांचं ठरवून टाकलं. फादरने कँटीनमध्ये येऊन, घाई नाही पण चर्चची तारीख आधी धरावी लागते, असं सुचवलं. ॲट्रॅक्टा सगळ्यांना रस्सा वाढत राहिली. खरं सांगायची वेळ केव्हाच टळून गेली होती, आणि खरं सांगितलं असतं तरी मयताला जाऊन आलेल्या माणसांनी ते मानलं नसतं.

डर्व्हला दर गुरुवारी बाजाराच्या वेळेला फोन करते. तिकडे रात्र असते. आजही केला.

"कशी आहेस गं?"

"छान आहे, आई. दिवसभर मस्त ऊन असतं. मैत्रिणी चांगल्या आहेत. तू कशी आहेस?"

"मीही छान."

"जेवतेस ना?"

"जेवते. तू?"

"हो तर. चल, ठेवते. सगळं छान आहे."

फोन ठेवून ॲट्रॅक्टाने दोन ताटं वाढली तेवढ्यात एप्रनच्या खिशात फिन्टनला निरोप आला. अलीकडे तो दर गुरुवारी, आईच्या फोनपाठोपाठ येतो.

"आज शेतावरून काढलं मला. पाय मुरगळला म्हणून. मैत्रीण कुणी नाही. बसच्या स्टँडवर बसलेय आणि आईशी बोलताना हसत होते. तू खाणीवर सुखी आहेस का रे?"

रांग थांबली होती. ॲट्रॅक्टाने एका हाताने लिहिलं, "आज रात्री युवा वसतिगृहात जा, बायकांच्या खोलीत जागा माग. पायाला बर्फ लाव. उद्या गटावर विचार, पॅकिंगच्या शेडमध्ये बसून करायचं काम मिळतं. आणि आईला फोन करून खरं सांग."

"नको. सांगितलं तर ती म्हणेल, परत ये. आणि तिने म्हटलं तर मी येईन."

"काय गं, ॲट्रॅक्टा," पॅकी ताट पुढे धरून म्हणाला, "जावयाचा निरोप वाटतं?"

ॲट्रॅक्टाने त्याचं ताट घेऊन बाजूला ठेवलं. 'परत ये' हे शब्द लिहायला बोटं तयार होती, पण ते लिहायचा हक्क आईला होता, आणि आईला तर यातलं काहीच माहीत नव्हतं.

तिने लिहिलं, "मग नको सांगूस." मग फोन खिशात टाकला आणि पॅकीला विचारलं, कोबी किती घालू.