तानूबाई टिटवीची तोंडी परीक्षा

नीट बसा बाळांनो, मांडी घालून. ज्याला खोकायचे असेल त्याने आत्ताच खोकून घ्या, कारण ही गोष्ट सभेत कसे बोलावे याबद्दल आहे आणि मध्ये खोकलेले मला चालत नाही.

तर एका जंगलात एक पाणवठा होता. त्या पाणवठ्यावर तानूबाई नावाची टिटवी राखणीला होती. काम साधे होते. बिबट्या दिसला की ओरडायचे. ती ओरडली की सगळे पळत आणि बिबट्या हात हलवत परत जाई. तीन वर्षांत पाणवठ्यावर एकही जनावर दगावले नव्हते.

ही बाई आभाळ अंगावर पडेल म्हणून पाय वर करून झोपते, अशी तिच्याबद्दल अफवा होती. तानूबाईने ती कधी खोडून काढली नाही. राखणीच्या नोकरीला असली अफवा बरी असते.

आता तुम्ही म्हणाल, मग बिघडले कुठे? बाळांनो, जीव सुरक्षित झाला की जनावरांना मानपान आठवतो. जंगलाचे अध्यक्ष होते आप्पासाहेब रानडुक्कर. एकदा ते चार पाहुण्यांसमोर चिखलात लोळत असताना तानूबाई ओरडली. आप्पासाहेबांना तसेच, चिखलासकट, पाहुण्यांच्या अंगावरून पळावे लागले.

"ही काय पद्धत झाली?" आप्पासाहेब सभेत म्हणाले. "नमस्कार नाही, प्रास्ताविक नाही, अध्यक्षांची परवानगी नाही. एकदम टिटीव टिटीव!"

"अगदी माझ्या मनातलं बोललात," कस्तुरावहिनी हरिणी म्हणाली. कस्तुरावहिनी तशी तानूबाईची मैत्रीण. तिला नुकतेच पाडस झाले होते, तीन आठवड्यांचे, नाव ठिपकी. "आमची ठिपकी दचकते हो. तानूताईंच्या आवाजात मुळी ओलावाच नाही."

ठराव झाला. यापुढे पाणवठ्यावर ओरडणाऱ्याकडे संवादकौशल्याची पदविका हवी. नसेल तर सहा महिन्यांत मिळवावी. नाही मिळाली तर नोकरी गेली.

तानूबाईला रडू आले. तिला दुसरे काही येत नव्हते. बरे, हे कामही तिला शिकवलेले नव्हते. बिबट्या दिसला की ओरडणे तिच्या घशातून आपोआप बाहेर पडे. पण नोकरी टिकवायची होती. तिने डोळे पुसले आणि नाव घातले.

जुन्या वडाखाली जंगलाचे सामुदायिक महाविद्यालय होते. तिथे कुणालाही प्रवेश मिळे. वयाची अट नाही, दातांची अट नाही, शेपटीची अट नाही. संध्याकाळी कामे आटोपून सगळे वर्गात येत. संवादकौशल्य आणि सभाधीटपणा हा विषय प्राध्यापक कमठेकर शिकवत. कमठेकर म्हणजे कासव. ते फार विद्वान होते, फक्त समोर श्रोते दिसले की त्यांची मान आत जाई. त्यामुळे सभाधीटपणाची सगळी व्याख्याने त्यांनी पाठीच्या कवचातून दिली.

"श्रोत्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बोला," कवचातून आवाज येई.

वर्गात साळिंदर होते. त्याला शेरा मिळाला, 'श्रोत्यांच्या अधिक जवळ जावे.' धामण होती. तिला शेरा मिळाला, 'हातवारे कमी पडतात.' घुबडाला नजर रोखण्यात पैकीच्या पैकी मिळाले, आणि समोरचे दोन उंदीर नंतर वर्गात आलेच नाहीत. सरांनी त्यांची गैरहजेरी लावली.

तानूबाईची पहिली वही पाहून कमठेकर सरांची मान क्षणभर बाहेर आली होती.

"तानूबाई, तुम्ही थेट मुद्द्यावर येता."

"हो सर. बिबट्याही थेटच येतो."

"नकारात्मक बोलू नका. 'बिबट्या आला' असं म्हणायचं नाही. आधी व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं. मग समोरचे रसिक श्रोते. मग दोन ओळींची कविता. मग विषयाला हात घालायचा, तोही अलगद."

"आणि तेवढ्यात कुणाला काही झालं तर?"

"तर श्रद्धांजलीचं एक वेगळं प्रकरण आहे. ते दुसऱ्या सत्रात."

तानूबाई मन लावून शिकली. हे मला तिचे फार आवडते. ती दगडावर उभी राहून पाण्यातल्या स्वतःच्या प्रतिबिंबाला 'उपस्थित बंधुभगिनींनो' म्हणे. ती हसायला शिकली, थांबायला शिकली, 'या निमित्ताने' म्हणायला शिकली. मधल्या काळात बिबट्या दोनदा आला, तेव्हा मात्र ती जुन्याच पद्धतीने ओरडली आणि दोन्ही वेळा तिला लेखी समज मिळाली.

शेवटी परीक्षेचा दिवस आला.

तोंडी परीक्षा पाणवठ्यावरच होती, सगळ्या जंगलासमोर. एकोणचाळीस जनावरे दाटीवाटीने बसली होती. मध्ये व्यासपीठ, वर आप्पासाहेब, शेजारी कमठेकर सरांचे कवच, आणि एक रिकामी खुर्ची. ती बहिःस्थ परीक्षकांची. बहिःस्थ परीक्षक म्हणजे बाळांनो, बाहेरून येणारे परीक्षक. त्यांना कुणी ओळखत नसते, ते उशिरा येतात आणि आल्यावर त्यांना 'आपण कोण?' असे विचारणे उद्धटपणाचे असते. या वेळी शेजारच्या जंगलातून कुणी करकोचा यायचा होता. पण हे फक्त टपाल वाचणाऱ्या वानराला माहीत होते आणि ते फांदीवर झोपले होते.

परीक्षकांना पुष्पगुच्छ द्यायला ठिपकीला निवडले होते. मान्यवरांना गुच्छ द्यायला लहान मुलगी लागते, हा तिथला नियम. कस्तुरावहिनीने तिच्याकडून आठ दिवस तालीम करून घेतली होती. चार पावले पुढे, मान खाली, गुच्छ समोर, हसायचे.

तानूबाईला चिठ्ठीत विषय आला, 'आपल्या जंगलातील आनंदी वातावरण'. वेळ पाच मिनिटे.

तिने सुरुवात केली. "आदरणीय अध्यक्ष आप्पासाहेब, गुरुवर्य कमठेकर सर..."

इतक्यात लव्हाळ्यांतून बिबट्या आला.

पोट जमिनीला टेकवून, मान खाली घालून, एकेक पाऊल मोजून टाकत आला. तीन वर्षे ओरडणे ऐकूनच पळालेल्या जनावरांपैकी कुणी त्याला नीट पाहिलेच नव्हते.

"आले, परीक्षक आले!" आप्पासाहेब उठले. "पहा, केवढे मोठे गृहस्थ आणि केवढे वाकून येताहेत! याला म्हणतात विनय."

बिबट्या चपापला. त्याला बघून आजवर कुणी उठून उभे राहिले नव्हते. तो पळायच्या बेतात होता, पण तोवर आप्पासाहेबांनी त्याच्या अंगावर शाल टाकली, पुढ्यात नारळ ठेवला आणि त्याला खुर्चीत बसवले. समोर एकोणचाळीस जनावरे हात जोडून बसली होती. बिबट्याने ओठांवरून जीभ फिरवली.

"गुच्छ?" कस्तुरावहिनीने विचारले.

"भाषण मध्ये तोडायचं नाही," कवचातून आवाज आला. "भाषण संपलं की लगेच गुच्छ."

ठिपकी गुच्छ धरून पायरीशी उभी राहिली. खुर्ची तिथून चार पावलांवर होती.

तानूबाईच्या घशात ओरडणे येऊन थांबले. तिने ते गिळले. आता तिला एवढेच कळत होते, की आपले भाषण संपले की ठिपकी संपली. आणि ओरडलो तर आपण संपलो.

मग तिने शिकलेल्या पद्धतीने सांगायचा प्रयत्न केला. "मित्रहो, आज आपल्यात एक अनपेक्षित पाहुणे आलेले आहेत."

टाळ्या पडल्या.

"आपण त्यांना ओळखता. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ते पूर्वी येऊन गेले आहेत."

"हो का?" साळिंदर म्हणाले. "किती साधे आहेत!"

"ते... ते आज आपल्यातल्या एखाद्याला कायमचं सोबत घेऊन जातील."

"शिष्यवृत्ती!" मागून कुणीतरी ओरडले, आणि सगळे सरसावून पुढे बसले.

कवचाजवळची घंटा वाजली. चार मिनिटे झाली होती. तानूबाईने कविता म्हटली. मग दुसरी म्हटली. मग जंगलातल्या झाडांची नावे सांगायला सुरुवात केली. ऐन, साग, बेहडा, मोह, धावडा. बिबट्या पाडसाकडे बघत होता. त्याची शेपटी शालीखाली हलू लागली होती.

दुसरी घंटा वाजली. "वेळ संपली," कवच म्हणाले.

"टेंभुर्णी," तानूबाई म्हणाली. "पळस. आपटा. आणि..."

"वेळ संपली! चल ग ठिपकी," कवच पुन्हा म्हणाले.

ठिपकीने एक पाऊल टाकले. दोन टाकली. तीन. मान खाली, गुच्छ समोर. ती हसलीसुद्धा.

"टिटीव! टिटीव टिव! टिटीव टिव!"

बाळांनो, पायांनी पदविका घेतलेली नसते. पाय ऐकतात आणि पळतात. क्षणात एकोणचाळीस जनावरे दिसेनाशी झाली. ठिपकी गुच्छ टाकून आईच्या पुढे गेली. आप्पासाहेब आपल्या खुर्चीसकट गेले. कमठेकर सर मात्र जागेवरच राहिले, पण ते तसेही आतच होते.

खुर्चीत शाल पांघरलेला बिबट्या एकटा उरला. त्याने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. पुढ्यात गुणपत्रिका पडली होती. पोटात काही गेले नव्हते आणि हातात दुसरे काम नव्हते. त्याने ती भरली.

दुसऱ्या दिवशी वडाखाली निकाल लागला.

'विद्यार्थिनीचा विषयाचा अभ्यास सखोल आहे,' परीक्षकांनी लिहिले होते. 'परंतु तिला श्रोते शेवटपर्यंत बसवून ठेवता आले नाहीत. आरंभी श्रोते एकोणचाळीस, अखेरीस शून्य. गुण शून्य.'

"शेरा मार्मिक आहे," आप्पासाहेब म्हणाले.

"अहो, तो बिबट्या होता!" तानूबाई म्हणाली.

"बिबटे सर म्हणा," कवच म्हणाले.

तेवढ्यात वानराने टपालातले पत्र आणून दिले. करकोच्याचे होते. पाय मुरगळल्याने परीक्षेला येता आले नाही, क्षमस्व. पत्र हातोहात सगळ्या सभेत फिरले. तानूबाईच्या जिवात जीव आला.

मग आप्पासाहेबांनी घसा खाकरला. "हे पहा, सत्कार झालेला आहे. शाल दिली, नारळ दिला. ज्यांचा सत्कार झाला ते परीक्षक. आता शाल परत मागायला कोण जाणार?"

कुणीच तयार होईना. मुद्दा सर्वांना पटला.

तानूबाई कस्तुरावहिनीकडे वळली. "वहिनी, तुम्ही तरी सांगा. तुमच्या पोरीचा जीव वाचला."

"वाचला हो, नाही कोण म्हणतंय?" कस्तुरावहिनी म्हणाली. "पण सगळ्यांसमोर पळायला लागलं ना तिला! एकच पाऊल राहिलं होतं. आठ दिवस तालीम केली होती पोरीने. तुम्ही जरा प्रेमाने सांगितलं असतं तर?"

 

तिची नोकरी गेली. पाणवठ्याची जागा रिकामी झाली आणि त्या जागेला साजेसे एकच नाव सगळ्यांच्या तोंडी होते. आप्पासाहेब स्वतः गुहेपर्यंत विनंती करायला गेले. बिबटे सरांनी आधी आढेवेढे घेतले, मग समाजासाठी म्हणून होकार दिला.

सर फारच सुंदर बोलत. आवाज मऊ. प्रत्येकाला नावाने हाक. कुणाची प्रकृती कशी, कुणाचे वजन किती वाढले, सगळे त्यांना ठाऊक. "शांतपणे पाणी प्या," ते म्हणत. "मागे बघू नका. मागचं मी बघतो."

आणि श्रोते एकदा बसले की जागचे हलत नसत. काही तर दुसऱ्या दिवशीही घरी येत नसत.

महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात नोंद झाली: 'बिबटे सरांमुळे पाणवठ्यावरची गर्दी कमी झाली असून आता प्रत्येक श्रोत्याकडे वैयक्तिक लक्ष देता येते.'

तानूबाई पलीकडच्या माळावर राहायला गेली. तिथून पाणवठा दिसे. रोज संध्याकाळी ती घसा सुकेपर्यंत ओरडे.

एकदा कस्तुरावहिनी ठिपकीला घेऊन पाण्यावर आली. आता पुढच्या रांगेत सहज जागा मिळत असे. सरांचे भाषण सुरू झाले आणि माळावरून आवाज आला, "टिटीव! टिटीव टिव!"

ठिपकीचे कान उभे राहिले. तिने वळून पाहिले.

कस्तुरावहिनीने तिची मान हळूच पुढे वळवली. "सर बोलत असताना मागे बघू नये, बाळा." मग ती सरांकडे बघून ओशाळून हसली. "माफ करा हं सर. नापास आहेत त्या."

"असू द्या," सर म्हणाले आणि बोलत बोलत व्यासपीठावरून खाली उतरले. श्रोत्यांच्या अधिक जवळ.

तात्पर्य: ओरडून जीव वाचवणाऱ्यापेक्षा गोड बोलून खाणारा केव्हाही बरा. जीव काय, आज ना उद्या जायचाच. पण निदान कार्यक्रमाची शिस्त तरी मोडत नाही.